पाच दिवस, दोन लहान मुलं आणि परदेश: तीन शहरं की एक?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पाच वर्षांची, मुलगा एक वर्ष दहा महिन्यांचा, दोन महिन्यांनी पाच दिवसांची सुट्टी आणि मुलांचा हा पहिलाच परदेश प्रवास. तीन शहरांचा आराखडा तयार आहे. तो जमेल का, आणि तयारीला हात कुठून घालायचा?

मी गेली अठरा वर्षं लहान मुलं असलेल्या कुटुंबांच्या सहली आखून देते. स्वतःची दोन मुलंही अशीच फिरवत मोठी केली. उत्तर आधीच सांगून टाकते: तीन शहरं जमणार नाहीत. दोनही नकोत.

हा साधा हिशेब आहे. मोठी माणसं सहल दिवसांत मोजतात. लहान मुलांची सहल मी सत्रांत मोजते. दुपारी झोपणाऱ्या मुलाच्या दिवसात दोनच सत्रं असतात: सकाळी साधारण नऊ ते साडेबारा आणि झोप काढून उठल्यावर चार ते सात. तुमच्या पाच दिवसांपैकी पहिला आणि शेवटचा प्रवासात जाणार. उरले तीन, म्हणजे सहा सत्रं. त्यातलं एक हमखास बुडतं. कधी तापामुळे, कधी पावसामुळे, कधी 'बूट घालणारच नाही' या एका मुद्द्यावर. राहिली पाच. आता शहर बदलायचं म्हणजे सामान भरा, खोली सोडा, स्टेशन गाठा, प्रवास करा, नवीन खोली तयार होईपर्यंत लॉबीत मुलं सांभाळा, आणि नव्या अंथरुणावरच्या पहिल्या रात्रीची मोडलेली झोप दुसऱ्या सकाळी फेडा. एका बदलीला दोन सत्रं धरा. तीन शहरं म्हणजे दोन बदल्या, चार सत्रं. पाचातून चार गेली. उरलेल्या एका सत्रात तीन शहरं कशी बघणार?

म्हणून एकच शहर, एकच मुक्काम. कोणतं, ते शेवटी सांगते, कारण ते ठरवायला मधल्या काही गोष्टी लागतील.

आधी घड्याळ. वेळेतला फरक शरीर साधारण दिवसाला एक तास या गतीने पचवतं, आणि पूर्वेकडे जाताना ते पश्चिमेपेक्षा जड जातं. पाच दिवसांच्या सहलीत सहा-सात तासांचा फरक घेतलात, तर मुलं तिथे रुळतात न रुळतात तोच परत निघायची वेळ होते आणि घरी आल्यावर तोच खेळ उलट्या दिशेने सुरू होतो. इतक्या कमी दिवसांसाठी मी तीन तासांपलीकडे जात नाही. आणि तीन तासांपर्यंत फरक असेल तर मुलांचं घड्याळ बदलूच नये. पूर्वेला गेलात तर मुलं तिथल्या रात्री दहा-साडेदहाला झोपतील आणि सकाळी उशिरा उठतील. सकाळचं सत्र दहाला सुरू करा, संध्याकाळी उशिरापर्यंत फिरा. पश्चिमेला गेलात तर पहाटे साडेचारला दोघंही टक्क जागी असतील. पहिल्या दिवशी जीव नकोसा होतो खरा, पण प्राणिसंग्रहालयाच्या दारात उघडायच्या आधी पोचणारे तुम्हीच असता आणि तासभर सगळं मोकळं मिळतं. फक्त खोलीत पहाटेचं काहीतरी खायला आदल्या रात्रीच आणून ठेवा.

विमान कधीचं घ्यावं यावर बहुतेकांचा सल्ला असतो की रात्रीचं घ्या, मुलं झोपतील. आठ-दहा तासांच्या उड्डाणाला हे बरोबर आहे. चार-पाच तासांच्या उड्डाणाला मला तो सगळ्यात वाईट सौदा वाटतो. मूल आठला झोपलं, साडेदहाला उचलून विमानतळावर नेलं, दिव्यांच्या झगमगाटात टक्क जागं झालं, दोनला विमानात कसंबसं डोळा लागला आणि पाचला उतरायची घोषणा. त्यापुढे इमिग्रेशनची रांग. आणि खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. सकाळी सातला परक्या शहरात न झोपलेली दोन मुलं, चार बॅगा आणि खोली नाही. हे मी स्वतः एकदा भोगलं आहे. तेव्हा धाकटी हॉटेलच्या लॉबीतल्या गालिच्यावर झोपली आणि मी तिच्याशेजारी भिंतीला टेकून. त्यानंतर नियम केला: कमी अंतराला सकाळी निघणारं थेट विमान घ्यायचं, आणि पहाटे पोचणारंच घ्यावं लागलं तर आदल्या रात्रीपासूनची खोली घ्यायची. हा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो. तरी करा.

मध्ये विमान बदलणं शक्यतो नकोच. स्वस्तात मिळणाऱ्या तिकिटात दोन तासांचा थांबा बरा दिसतो. पण बाबागाडी विमानाच्या दाराशी परत मिळेल की थेट शेवटच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर येईल हे विमानतळागणिक बदलतं, आणि ती नसेल तर झोपलेलं बारा किलोचं मूल खांद्यावर घेऊन एका टर्मिनलमधून दुसऱ्यात जावं लागतं.

आता तिकीट, आणि इथे तुमच्या बाबतीत एक खाच आहे. धाकटा आज एक वर्ष दहा महिन्यांचा आहे आणि सहल दोन महिन्यांनी आहे. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसवून नेता येतं, आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं भाडं सहसा मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतं. पण वय तिकीट काढण्याच्या दिवशीचं धरत नाहीत, प्रवासाच्या दिवशीचं धरतात. दुसरा वाढदिवस सहलीच्या मधोमध आला तर परतीच्या उड्डाणाला त्याला स्वतंत्र सीट घ्यावीच लागते. माझ्याकडच्या एका जोडप्याने हौसेने वाढदिवस परदेशात साजरा केला आणि परतीच्या काउंटरवर त्यांना हे कळलं. विमान भरलेलं होतं. तेव्हा आधी तारखा ताडून बघा.

वाढदिवस नंतर येत असला तरी मी तुम्हाला त्याची सीट घ्यायलाच सांगेन. विमानातल्या पाळण्याच्या भरवशावर राहू नका. त्याला वजनाची मर्यादा असते, बहुधा दहा-अकरा किलोच्या आसपास, आणि लांबीचीही. तुमचा मुलगा त्यात मावणार नाही. शिवाय अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा एफएए स्पष्ट सांगते की दोन वर्षांखालच्या मुलाचीही सुरक्षित जागा मान्यताप्राप्त बालआसनात आहे, मांडीवर नाही. अचानक हादरे बसले तर हातांची पकड पुरत नाही. पहिल्या रांगेतल्या, समोर भिंत असलेल्या सीटांचा मोहही टाळा. पाय पसरायला जागा मिळते, पण टेबल हातांच्या दांड्यात असल्यामुळे दांडे वर होत नाहीत, म्हणजे मुलाला आडवं करता येत नाही. विमान चढता-उतरताना पायाशी पिशवीही ठेवू देत नाहीत. आणि पाळणे लावायची जागा तिथेच असल्यामुळे सगळ्या विमानातली तान्ही बाळं तुमच्या शेजारी.

कागदपत्रांत लोक मोठ्यांचं बघतात आणि मुलांचं गृहीत धरतात. अनेक देशांत मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे बाळ असताना काढलेला मुलीचा पासपोर्ट आता संपत आला असू शकतो. आग्नेय आशियातल्या बहुतेक देशांना पोचण्याच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. युरोपच्या शेंगेन देशांना तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने लागतात, आणि पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना चालत नाही. व्हिसा किंवा ऑनलाइन पूर्वपरवानगी लागत असेल तर ती मांडीवरच्या बाळालाही वेगळी लागते. ब्रिटनची ईटीए आणि अमेरिकेची एस्टा या दोन्ही परवानग्यांना तान्ह्या मुलांची सूट नाही. शेंगेन व्हिसाला सहा वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही आणि बारा वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत, पण अर्ज मात्र प्रत्येकाचा.

पालकांपैकी एकच जण मुलांना घेऊन निघत असेल, किंवा मुलाचं आणि तुमचं आडनाव वेगळं असेल, तर जन्मदाखल्याची प्रत आणि दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ ठेवा. दहा वेळा कोणी विचारत नाही. अकराव्यांदा विचारतात तेव्हा रात्रीचे बारा वाजलेले असतात आणि दुसऱ्या पालकाचा फोन लागत नाही.

आता औषधं. इथे जरा थांबते, कारण इथली चूक महागात पडते. मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. पॅरासिटामॉल साधारण एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर. पण एक चमचा सिरप म्हणजे किती मिलिग्रॅम हे देशागणिक वेगळं असतं: कुठे ५ मिलिलिटरमध्ये १२०, कुठे १६०, कुठे २५०. म्हणजे परदेशातल्या दुकानातून बाटली आणून तुम्ही घरच्याच मापाने दिलीत तर डोस दुप्पट होऊ शकतो, नाहीतर निम्मा. अमेरिकेत तर तेच औषध ॲसिटामिनोफेन या नावाने मिळतं. म्हणून निघायच्या आठवड्यात दोघांची वजनं करा, डॉक्टरांकडून प्रत्येकाचा डोस मिलिग्रॅम आणि मिलिलिटर या दोन्हींत लिहून घ्या, आणि नेहमीची बाटली मोजायच्या सिरिंजसह केबिनच्या पिशवीत ठेवा. बरोबर ओआरएसची पाकिटं घ्या. प्रवासात जुलाब-उलट्या झाल्या तर भीती असते ती पाणी कमी पडण्याची, आणि परक्या शहरात रात्री दुकान शोधत बसायला नको.

औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह न्या. आपल्याकडे सहज मिळणारं औषध तिथे बेकायदा असू शकतं. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि ठरावीक प्रमाणाच्या वर ते जपानमध्ये नेता येत नाही. कोडीन (खोकल्याच्या आणि वेदनांच्या काही औषधांतला घटक) असलेली औषधं संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. कोडीन बारा वर्षांखालच्या मुलांना तसंही देऊ नये. आणि विमानात मूल झोपावं म्हणून ॲलर्जीचं औषध पाजायचा सल्ला कोणी दिला तर कानाआड करा. काही मुलं त्याने झोपायच्या ऐवजी उधळतात. माझ्या ओळखीतल्या एका आईने हा प्रयोग थेट विमानातच पहिल्यांदा केला होता. पाच तास. बाकी काही सांगत नाही.

लशींसाठी डॉक्टरांना निदान चार ते सहा आठवडे आधी भेटा, म्हणजे तुम्ही याच पंधरवड्यात. गोवराचे डोस झालेत ना, ते बघा. परदेशी जाणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांना गोवराचा एक आगाऊ डोस देण्याची शिफारस आहे, पण तो नेहमीच्या डोसांत धरला जात नाही, हे धाकटी भावंडं असलेल्या इतर वाचकांसाठी. पीतज्वर (यलो फीव्हर) आढळणारा देश वाटेत येत असेल तर प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनीच ग्राह्य होतं.

विमानातला कानाचा त्रास हा चढण्यापेक्षा उतरताना जास्त होतो. केबिनमधला हवेचा दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या इतका असतो. खाली येताना तो वाढत जातो आणि लहान मुलांच्या कान-घशातली नळी अरुंद असल्यामुळे तो झटकन समतोल होत नाही. गिळलं की ती नळी उघडते. पहिल्यांदा जाणारे पालक दुधाची सगळी बाटली उड्डाणाच्या वेळीच संपवतात. निम्मी राखून ठेवा आणि विमान खाली येऊ लागलं की, म्हणजे जमिनीला टेकायच्या साधारण अर्धा तास आधी, द्यायला घ्या. मोठीला पाण्याचे घोट किंवा काहीतरी चघळायला. मुलाचं नाक गच्च असेल किंवा नुकताच कान दुखून गेला असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना कान दाखवा.

दूध, बाळाचं खाणं आणि औषध यांना केबिनमध्ये न्यायच्या द्रवांवरच्या १०० मिलिलिटरच्या मर्यादेतून बहुतेक ठिकाणी सूट आहे, पण ते तपासणीला वेगळं काढून दाखवावं लागतं. काही विमानतळांवर नवी यंत्रं आल्यामुळे ही मर्यादाच सैल झाली आहे. ते वाचून हुरळू नका. नियम निघण्याच्या विमानतळाचा असतो, आणि परतताना तो दुसरा असतो. केबिनच्या पिशवीत डायपर प्रवासाच्या तासांइतके, वर चार. मुलांचा एकेक कपड्यांचा जोड घ्या. स्वतःचाही एक सदरा घ्या, ओकारी नेहमी धरणाऱ्याच्या अंगावर होते.

राहण्याची जागा निवडताना तारे बघू नका, दार बघा. खोली एकच असेल तर मुलं आठला झोपल्यावर तुम्ही दोघं काय करणार? अंधारात फोनचा उजेड पांघरुणाखाली लपवत बसणार, किंवा बाथरूममध्ये कुजबुजत जेवणार. मी दोन्ही केलं आहे. झोपायची खोली वेगळी, निदान बंद होणारं दार किंवा सुरक्षित गॅलरी असलेली जागा घ्या. लहानसं स्वयंपाकघर आणि धुलाई यंत्र असेल तर सामान निम्मं होतं. पाळणा मागितला असेल तर तो मिळणार असं लेखी घ्या. आणि पोचल्यावर बॅगा उघडण्याआधी दहा मिनिटं गुडघ्यांवर बसून खोलीभर फिरा: किटलीची लोंबणारी वायर, खिडकीची कडी, गॅलरीच्या गजांमधलं अंतर, ओढलं की अंगावर येईल असं कपाट. उभ्याने हे दिसत नाही.

शहरात फिरताना गाडीतल्या बालआसनाचा प्रश्न येतो आणि तो प्रत्येक देशात निराळा सुटतो. जर्मनीत बारा वर्षं किंवा १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत आसन लागतं, ब्रिटनमध्ये बारा वर्षं किंवा १३५ सेंटिमीटरपर्यंत. ब्रिटनमध्ये टॅक्सीला सूट आहे. सिंगापूरमध्ये नेहमीच्या टॅक्सीला सूट, पण ॲपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही. कायद्याची सूट म्हणजे अपघाताची सूट नव्हे, म्हणून विमानतळावरून येण्या-जाण्यासाठी आसनासह गाडी आधीच सांगून ठेवा आणि बाकी फिरणं मेट्रो, ट्राम, पायी. बाबागाडी घडी घालून केबिनमध्ये मावणारी हलकी असावी. जुन्या शहरांत दगडी फरसबंदी आणि पायऱ्या असतात, तिथे धाकट्यासाठी पाठीवरची झोळी जास्त उपयोगी. पाच वर्षांच्या मुलीला बाबागाडीची गरज नाही असं तुम्हाला वाटेल. दिवसाला पंधरा हजार पावलं चालून बघा आणि मग ठरवा.

एका सत्रात एकच ठिकाण. त्याला जोडून रोज एक खेळाचं मैदान, झोपाळा-घसरगुंडीचं, साधं. मुलांना ते राजवाड्यापेक्षा जास्त आठवतं आणि तुम्हाला बाकावर बसायला मिळतं. तिकिटं बदलता येतील किंवा पैसे परत मिळतील अशीच घ्या, विमानाचं तेवढं जमलं नाही तरी राहण्याचं आणि प्रेक्षणीय स्थळांचं नक्की. प्रवासविमा काढताना मुलांची नावं पॉलिसीत स्वतंत्र आहेत का आणि दवाखान्यात पैसे आधी तुम्ही भरायचे की कंपनी, हे दोनच प्रश्न नीट विचारा. तापाने फणफणलेलं मूल कडेवर असताना पॉलिसी वाचता येत नाही.

हरवण्याची भीती सगळ्यांनाच असते. रोज सकाळी खोलीतून निघताना दोघांचा आजच्या कपड्यांतला फोटो काढा. घाबरलेल्या आईबापाला मुलाने कोणत्या रंगाचं घातलंय ते आठवत नाही. मनगटावर तुमचा नंबर देशाच्या कोडसह लिहा. मुलीला एकच वाक्य शिकवा: आई-बाबा दिसले नाहीत तर आहेस तिथेच थांब. शोधत फिरणारं मूल सापडायला फार वेळ लागतो. युरोपीय संघात मदतीचा क्रमांक ११२ आहे; दुसरीकडे जात असाल तर तिथला क्रमांक आधीच फोनमध्ये घाला.

परत आल्यावरचा एक दिवस रिकामा ठेवा. पाच दिवसांतच बसवायचा असेल तर सहल चार दिवसांची करा. मी बहुतेकांना हेच सांगते आणि बहुतेक जण ऐकत नाहीत.

राहिला प्रश्न तीन शहरांपैकी कोणतं ठेवायचं. थेट विमान ज्याला आहे ते. दोघांना असेल, तर ज्याचं परतीचं विमान दिवसा निघतं ते. तिथेही बरोबरी झाली, तर दोन्ही शहरांतले चार-चार फोटो मुलीसमोर ठेवा आणि तिला ठरवू द्या. तिसरं शहर रेल्वेने तासाभरावर असेल तर एका सकाळी जाऊन दुपारच्या झोपेला परत या, मुलगा येताना गाडीतच झोपेल.